‘अंत्यविधीला पैसे नाहीत, मॅडम’

‘आम्हाला मयत नको, असं लिहून सही करून टाकली तर पोलीसच करतात ना सगळं?’

एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्या टेबलासमोर उभा राहून हे विचारत होता. त्याचे वडील दुपारी तीनला वॉर्डात गेले होते आणि आता पाच वाजत आले होते. पाठीवर खाण्याच्या डिलिव्हरीची ती मोठी चौकोनी बॅग अजून तशीच होती. आई बाहेर बाकावर बसलेली. हे बोलणं आईच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने माझ्या खोलीचा दरवाजा पायाने लोटून घेतला होता.

मी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय समाजसेवेच्या विभागात समुपदेशनाचं काम करते. औषधांचे पैसे, रक्ताची पिशवी, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणं, अशी सगळी कामं आमच्याकडे येतात. त्यातलाच हा एक प्रश्न, महिन्यातून दोन-तीनदा तरी येणारा. शब्द वेगवेगळे, पण अर्थ हाच की जवळचं माणूस गेलंय, हातात पैसे नाहीत, सरकार काही देतं का? आणि त्याच्या पोटात न विचारलेला दुसरा प्रश्न असतो. फुकटात केलं तर लोक काय म्हणतील?

या कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. वडील गवंडी, वय बावन्न. मूळचे जालन्याकडचे, वीस-बावीस वर्षं मुंबईत बांधकामावर. यकृताचा आजार. आई चार घरची धुणीभांडी करते. तिला मी इथे ताई म्हणते.

मुलगा त्या सहीपर्यंत कसा पोहोचला ते आधी सांगायला हवं. गावाहून चुलत्यांचा फोन आला होता, मयत गावी आणा. दवाखान्याच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या खासगी अॅम्ब्युलन्सवाल्याने जालन्याचे बावीस हजार सांगितले. तिथेच घुटमळणाऱ्या दुसऱ्या एकाने सांगितलं, इथेच करायचं असेल तर गाडी, तिरडीचं सामान, लाकडं, गुरुजी सगळं मिळून साडेनऊ हजार. मुलाच्या खिशात आठशे रुपये होते. कुणीतरी त्याला म्हणालं, मग सोडून द्या, पालिका करते. एवढ्या दोन तासांत बापाला सोडून द्यायची वेळ पोरावर आली होती.

मी आधी त्याला खुर्चीवर बसवलं, ती बॅग उतरवायला लावली. मग त्या सहीचा अर्थ सांगितला. वारस पुढे आला नाही की मयत बेवारस धरतात. मग पोलिसांचा तपास, शवागारात दिवसच्या दिवस. महाराष्ट्रात 1949 पासून शरीरशास्त्राचा कायदा आहे, त्याखाली असा देह वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवण्यासाठी दिला जाऊ शकतो. नाहीतर पोलीस किंवा एखादी संस्था अंत्यसंस्कार करते, आणि नीट करते. पण कधी, कुठे, हे तुला कळेलच असं नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण असाच आला होता. दोन वर्षांपूर्वी घरच्यांनी वडिलांना ‘सोडलं’ होतं, आणि आता त्याला फक्त जागा विचारायची होती. तो रजिस्टर उलटत बसलेला चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून या सहीबद्दल मी जरा आग्रही होते, कबूल करते. समुपदेशकाने तटस्थ राहावं म्हणतात. या एका बाबतीत मी राहत नाही.

मग मी त्याला विचारलं, ‘साडेनऊ हजारांत लाकडं किती धरलीत त्याने?’

‘साडेतीन हजारांची.’

मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत एका मयतासाठी 300 किलो लाकूड पालिका विनामूल्य देते. विजेवर किंवा गॅसवर दहन केलं तर त्याचेही पैसे नाहीत. गरिबाला, श्रीमंताला, सगळ्यांना सारखंच. कुठला दाखला नको, दारिद्र्यरेषेचं कार्ड नको. हे सांगितलं की लोकांचा माझ्यावर विश्वासच बसत नाही, कारण बाहेर उभा असलेला माणूस आत्ताच त्याचे पैसे सांगून गेलेला असतो. मी समोरच स्मशानभूमीच्या कार्यालयात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा कर्मचारी रोजच्या आवाजात म्हणाला, ‘डॉक्टरचा दाखला, मयताचं आधार आणि आणणाऱ्याचं आधार घेऊन या. लाकडं इथली.’ मुलाने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

(हे मुंबईचं झालं. पुणे, नाशिक, नागपूर, प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी आहे. कुठे विद्युतदाहिनी मोफत आणि लाकडं विकत, कुठे आणखी काही. त्यामुळे आपल्या गावच्या पालिकेत किंवा ग्रामसेवकाला थेट विचारावं, शवागाराबाहेरच्या माणसाला नव्हे. मुस्लिम कुटुंबांना मी आधी जवळच्या कब्रस्तानाच्या ट्रस्टकडे पाठवते, ख्रिस्ती कुटुंबांना त्यांच्या चर्चकडे. गरिबाच्या दफनाची सोय बहुतेक वेळा तिथे होते.)

आता राहिली गावची अडचण. चुलत्यांना मीच फोन लावला. ते चिडलेलेच होते. ‘बाई, आमच्यात असं परमुलखात जाळत नाहीत. गावात तोंड कसं दाखवायचं?’

मी म्हटलं, ‘दादा, तुमचं बरोबर आहे. गाडीचे बावीस हजार तुम्ही पाठवताय का? तसं असेल तर मी लगेच कागद करून देते.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. हा प्रश्न मी रागाने विचारत नाही, पण विचारते मात्र नक्की. लांबून ज्याला मान हवा असतो त्याला खर्चाचा आकडा कुणी सांगितलेलाच नसतो. चुलते शेवटी हळू आवाजात म्हणाले, ‘मी रातच्या एसटीने निघतो. सकाळपर्यंत ठेवता येईल का?’ ठेवता येत होतं. इथे अग्नी द्यायचा, अस्थी गावी न्यायच्या आणि दहावा-तेरावा गावच्या ओढ्यावर करायचा, असं ठरलं. त्यांच्याच तोंडून ठरलं हे महत्त्वाचं, कारण पुढे ताईंना कुणी बोल लावणार नव्हतं.

ताईंना आत बोलावलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. ‘फुकटच्या लाकडावर केलं तर बेवारस केलं असं म्हणतील का हो?’

पैशाचे सगळे हिशेब इथे थांबतात. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, तुम्ही बावीस दिवस वॉर्डात खाली चटई टाकून झोपलात. तुमच्या माणसाला वारस नाही असं कोण म्हणेल?’ त्या पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. मुलगा भिंतीकडे बघत उभा राहिला. मी पंखा थोडा कमी केला आणि गप्प बसले. अशा वेळी आपण फार बोलतो असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशीचा खर्च मला नंतर मुलाने सांगितला. गेटवरच्या माणसाचे साडेनऊ हजार कुठे, आणि प्रत्यक्षात गाडी, मडकं, बांबू, कापड, हार, गुरुजींची दक्षिणा, चहा धरून चार हजारांच्या आत भागलं. चाळीतल्या लोकांनी वर्गणी काढली, सहा हजार जमले. कुणी किती दिले ते एका शाळेच्या वहीत लिहिलेलं. ही वही आपल्याकडे जवळपास प्रत्येक चाळीत निघते. तिला दान म्हणत नाहीत, कारण पुढच्याच्या घरी प्रसंग आला की आपणही तेवढेच टाकायचे असतात. लाज वाटणाऱ्या नातेवाईकांना मी हे आवर्जून सांगते. तुम्हीही आजवर कुणाकुणाच्या वहीत लिहून आलायत.

इथवर माझं काम चांगलं झालं. पुढे मी चुकले.

त्या संध्याकाळी, मुलाला धीर यावा म्हणून, मी योजना सांगायला घेतल्या. वडील गवंडी होते, त्यांच्याकडे बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड होतं. मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराचा वयाच्या 50 ते 60 मध्ये मृत्यू झाला तर अंत्यविधीसाठी 10,000 रुपये मिळतात, पत्नीला वर्षाला 24,000 अशी पाच वर्षं मदत असते. शिवाय राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 या वयात गेला तर घराला एकरकमी 20,000 रुपये. 1995 पासूनची योजना आहे, आधी 10,000 होते, 2012 मध्ये दुप्पट झाले. मी एका कागदावर लिहून दिलं, 10 आणि 20, खाली रेघ मारून 30.

ती बेरीज मी करायला नको होती.

पाच महिन्यांनी मुलगा परत आला. सोबत तोच कागद, घडीवर फाटत आलेला. गावी तेराव्याला दोनशे पानं उठली होती. चुलते म्हणाले होते, मुंबईत साधं उरकलं, आता गोडजेवण तरी गावाला दिसेल असं व्हायला हवं. चाळीस हजार उचलले, महिन्याला शेकडा पाचने. ‘तुम्ही तीस लिहून दिले होते ना, म्हणून मी हो म्हटलं.’ त्याने तक्रार केली नाही, फक्त सांगितलं. मला ते जास्त लागलं.

कार्ड होतं, पण नूतनीकरण झालेलं नव्हतं. मंडळाची नोंदणी दरवर्षी जिवंत ठेवावी लागते, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र जोडून. वडील आजारी पडून घरी बसले, तेव्हाच ते राहून गेलं. फी नावापुरती असते, पण दुखणाऱ्या माणसाला कुठलं आठवायला? मी कार्ड बघितलं होतं, त्यावरची तारीख बघितली नव्हती.

बँकेचं पासबुक मी त्या दिवशी मागवलंच नव्हतं. ते आता बघितलं. वर्षातून एकदा 20 रुपये कापलेले. मुलाला वाटलं विमा आहे. होताच, पण वीस रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, तो अपघाताचा. आजाराने गेलेल्या माणसाला त्यातून काही नाही. 436 रुपयांची कपात असती तर ती जीवन ज्योती विम्याची. मरण कशानेही आलं तरी तिचे दोन लाख. हा विमा पन्नाशीपर्यंत घेता येतो आणि हप्ता चालू ठेवला तर पंचावन्नपर्यंत चालतो. मुलगा पासबुकाची पानं मागे-पुढे करत राहिला, कुठे 436 सापडतात का बघत.

उरले 20,000. त्यांचं पिवळं रेशनकार्ड गावचं, म्हणून अर्ज गावच्या तहसीलमध्ये, संजय गांधी योजनेच्या टेबलावर. तिथे वेगळंच निघालं. दवाखान्यात भरती करताना शेजाऱ्याने त्यांचं हाक मारायचं नाव सांगितलं होतं. तेच केसपेपरवर, तेच डॉक्टरच्या दाखल्यावर, तेच मृत्यूच्या दाखल्यावर. आधारवर आणि रेशनकार्डवर पाळण्यातलं नाव. माणूस एक आणि कागदावर दोन. मृत्यू मुंबईत झाला म्हणजे नोंद मुंबईची, दुरुस्तीही मुंबईतच. प्रतिज्ञापत्र, फेऱ्या, मुलाच्या कामाचे खाडे. पैसे खात्यात आले तेव्हा वडिलांना जाऊन आठ महिने झाले होते. चाळीस हजारांवर शेकडा पाचने आठ महिन्यांचं व्याजच सोळा हजार. वीसमधून सोळा गेले, चार मुद्दलात पडले. मुद्दल राहिलं छत्तीस हजार.

हा हिशेब मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलाय. लोकांना वाटतं अंत्यविधी माणसाला बुडवतो. माझ्या पाहण्यात अंत्यविधीने फारसं कुणी बुडलेलं नाही. बुडतात ते तेराव्याने, आणि ‘सरकारकडून येणारच आहेत’ या भरवशावर. सरकारी मदत खरी आहे, मागायलाच हवी, हक्काची आहे. पण ती अग्नी देण्याच्या दिवशी येत नाही. बिहारच्या एका रुग्णाच्या भावाने मला एकदा विचारलं होतं, ‘हमारे यहाँ कबीर अंत्येष्टि का तीन हजार मिलता है, यहाँ क्या है?’ बंगालमध्येही समव्यथी नावाची दोन हजारांची योजना आहे. रक्कम लहान, पण नेमकी त्या दिवसाच्या खर्चासाठी ठेवलेली. माझ्या टेबलावर तशी लगेच हातात ठेवता येईल अशी रक्कम नाही. आमचा गरीब रुग्ण निधी जिवंत रुग्णाच्या औषधांचा आहे, त्याला हात लावता येत नाही. मग मी फुकट लाकडं सांगते, चाळीची वही आठवून देते, आणि योजनांचं बोलणं दुसऱ्या दिवसावर ढकलते.

त्या मुलाच्या कागदानंतर माझी पद्धत बदलली. पहिल्या दिवशी आता मी आकडा बोलत नाही. कागद बोलते. डॉक्टरच्या दाखल्यावर नाव लिहिलं जाण्याआधी आधार समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. हे पाच मिनिटांचं काम पुढचे पाच महिने वाचवतं. मृत्यूच्या कारणाचा तो दाखला द्यायचे डॉक्टरने पैसे घ्यायचे नसतात, कायद्यातच आहे. नोंद 21 दिवसांच्या आत. स्मशानातली पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत. दाखल्याच्या प्रती चार-पाच काढा, कारण बँक, तहसील, कंपनी सगळे मागतात. आणि सुतकातसुद्धा घरातल्या कुणा एकाने पासबुक भरून आणायचं. सुतकात बँकेत जाऊ नये असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी विचारते, पगाराची पावती होती का? कारण कारखान्यात, दुकानात, सुरक्षारक्षकाच्या एजन्सीत काम करणाऱ्या माणसाचं चित्र एकदम वेगळं असतं. पावतीवर ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, 0.75 टक्के कपात असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. 2019 आधी ते 10,000 होते. दावा तीन महिन्यांत करायचा. यात मला एक गोष्ट फार आवडते. घरचं कुणी नसेल, किंवा माणूस घरच्यांपासून लांब राहत असेल, तर ज्याने खरोखर खर्च केला त्याला ते पैसे मिळतात. मागे एका सुरक्षारक्षकाचं सगळं त्याच्या खोलीतल्या सोबत्याने केलं होतं. हा उत्तर प्रदेशचा, तो विदर्भातला, नातं काही नाही. त्याला वाटत होतं आपण कोण मागणारे. अर्ज त्याच्याच नावाने केला. पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमाही असतो, कमाल 7 लाखांपर्यंत, आणि तो कित्येक विधवांना माहीतच नसतो. पीएफचे पैसे घेऊन येतात आणि विम्याचा अर्ज राहून जातो.

खासगी रुग्णालयातून येणाऱ्यांचा प्रश्न निराळा. ‘बिल भरेपर्यंत मयत देत नाहीत.’ बिल थकलं म्हणून मयत अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने काढलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते मांडलेलं आहे. बिलाची वसुली वेगळी, मयत वेगळं. तिथे भांडू नका, लेखी मागा, आणि लेखी नकार द्या म्हणा. बहुतेकदा तिथेच आवाज खाली येतो.

ताई वर्षाने आल्या होत्या. संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1,500 सुरू झाले होते, आणि त्या मला ते सांगायला आल्या होत्या. मी वर्षश्राद्धाचं विचारलं. दिरांनी पुन्हा मोठं करायचं काढलं होतं म्हणे. या वेळी मुलगाच बोलला, आधीचं फिटू द्या. घरातल्या घरात केलं, पाच माणसं जेवली, एक पान गच्चीवर ठेवलं.

‘कावळा लगेच आला,’ ताई म्हणाल्या. ‘तेराव्याला दोनशे पानं होती तेव्हा तासभर ताटकळत ठेवलं होतं मेल्याने.’

आणि आम्ही दोघी हसलो, दवाखान्यात हसतात तेवढ्याच आवाजात. जाताना त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मुलगा आता डिलिव्हरी सोडून एका साइटवर टाइल्सचं काम शिकतोय, त्याचं बांधकाम मंडळाचं नवं कार्ड. ‘तारीख बघा जरा,’ त्या म्हणाल्या. मी चष्मा लावला आणि तारीख बघितली.